श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी नभोवाणी



व्याख्यानमाला सुरू होण्याच्या आधी महिनाभर कार्यकर्ते पावतीपुस्तके घेऊन पेठापेठांतून हिंडतात, हे आपणांस ठाऊक आहेच. कोणी शंभर रुपये देतो, कोणी हजार देतो, कोणी "उद्या या" म्हणून सांगतो आणि उद्याही तेच सांगतो. मांडव मात्र सर्वांना मोकळा असतो. वर्गणी दिलेल्याने खुर्चीवर बसावे आणि न दिलेल्याने रस्त्यावर उभे राहून ऐकावे, असा भेद आपण करीत नाही. मग वर्गणीदाराने आपल्या पैशाने विकत घेतले ते काय? आणि विकत काहीच घेतले नसेल, तर या कार्यावर त्याचा हक्क तरी कोणता? आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो मुळात याच प्रश्नाचा विषय आहे. फरक इतकाच की मांडव अमेरिकेत आहे आणि तो कापडाचा नसून विद्युत्‌लहरींचा आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहरात १९५९ साली 'फॅमिली रेडिओ' या नावाची एक ख्रिस्ती नभोवाणी सुरू झाली. तिच्यावर जाहिरात नव्हती, तिला सरकारचा पैसा नव्हता, कोणत्याही एका चर्चचे तिला अनुदान नव्हते. श्रोत्यांनी टपालाने पाठविलेल्या देणग्या हेच तिचे उत्पन्न. अशा रीतीने ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली, वाढली, समुद्रापलीकडे पोचली. आणि २०११ साली तिच्या प्रमुखाने जगाच्या अंताची तारीख जाहीर केली. ती तारीख आली आणि गेली. ही हकीकत ऐकून हसू येते, आणि वर्तमानपत्रांनी त्या वेळी पुष्कळ हसूनही घेतले. पण नुसते हसून सोडून देण्याजोगी ती नाही, असे मला वाटते. कारण ज्या पद्धतीने ती संस्था उभी राहिली ती पद्धत मुळात चांगली होती, आणि तिच्यातील जे चांगले होते त्यातूनच पुढचे संकट निघाले.

प्रथम पैशाचा प्रश्न समजून घेऊ. नभोवाणीची अडचण अशी की तिला दरवाजा नाही. नाटकाला तिकीट लावता येते, वर्तमानपत्राचा अंक मोजून विकता येतो. लहर एकदा आकाशात सोडली की ती फुकट्याच्या घरातही जाते आणि सावकाराच्या घरातही जाते. मग खर्च भागवावा कसा? इंग्लंडने यावर परवान्याचा तोडगा काढला : रेडिओ बाळगावयाचा असेल तर वर्षाकाठी ठराविक रक्कम भरा. आपल्याकडेही तेच झाले. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, त्या वेळी परवान्याचे वर्षाला दहा रुपये पडत. परवाने निघाले अवघे काही हजार. परवान्यावाचून ऐकणारे निराळेच. आणि मार्च १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. म्हणजे ऐकणाऱ्याकडून पैसा वसूल करणे किती अवघड, याचा धडा आपल्या मुंबईने फार लवकर घेतला होता.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूईएएफ' केंद्रावरून पैसे घेऊन केलेली घरांची जाहिरात ऐकू आली आणि तेथपासून साबण, तंबाखू व दंतमंजन यांच्या कारखानदारांनी अमेरिकन नभोवाणी पोसली. ऐकणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, असा हा व्यवहार दिसतो. वास्तविक ऐकणाराच येथे विकला जातो, आणि गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. आता प्रश्न असा की ज्याला साबणही विकावयाचा नाही आणि सरकारच्या दारातही जावयाचे नाही, त्याने काय करावे?

अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळींपुढे हा प्रश्न अगदी आरंभापासून होता. पिट्सबर्ग येथील 'केडीकेए' केंद्र नोव्हेंबर १९२० मध्ये चालू झाले आणि दोनच महिन्यांनी, २ जानेवारी १९२१ च्या रविवारी, तेथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील सायंप्रार्थना त्यावरून ऐकविण्यात आली. मुख्य धर्मोपदेशकाला हे नवे यंत्र फारसे रुचले नव्हते. त्याने प्रवचनाचे काम आपल्या कनिष्ठाकडे सोपविले. यंत्र सांभाळणारे दोघे तंत्रज्ञ, एक ज्यू आणि एक कॅथॉलिक, उपासकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून गायकवृंदाचे झगे घालून बसले होते, असे सांगतात. मला हा तपशील फार आवडतो. या यंत्राला स्वतःचा असा धर्म नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी झग्याखाली झाकून ठेवावी लागली.

त्यानंतर चर्चांनी स्वतःचीच केंद्रे काढण्याचा सपाटा लावला. १९२५ च्या सुमारास अशी साठांहून अधिक केंद्रे होती. पण १९२७ साली सरकारी रेडिओ कमिशन आले. त्याने चांगली यंत्रसामग्री हवी, ठरलेल्या लहरीवरच राहावे, असे दंडक घातले. खर्च वाढला, पाठोपाठ मंदी आली आणि बहुतेक केंद्रे बंद पडली. शिकागोतील मूडी बायबल इन्स्टिट्यूटचे १९२६ चे केंद्र देणग्यांवर तग धरून राहिले, अशी उदाहरणे थोडीच. मोठमोठ्या केंद्रसमूहांनी धर्मासाठी फुकट वेळ ठेवला खरा, पण तो बहुधा प्रतिष्ठित चर्चसंघांच्या वाट्याला जाई. बायबल अक्षरशः मानणारे जे कडवे पंथ होते त्यांना वेळ विकत घ्यावा लागे आणि त्यासाठी श्रोत्यांपुढे हात पसरावा लागे. १९३७ पासून देशभर गाजलेला चार्ल्स फुलर यांचा कार्यक्रम अशा टपालाने आलेल्या लहान लहान रकमांवरच चालत होता. श्रोता पैसे पाठवील, आणि दूरवर बसलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला पाठवील, हे त्या काळात सिद्ध झाले. आपल्याकडे कीर्तन संपल्यावर आरतीच्या ताटात नाणे पडते तेव्हा बुवा समोर उभे असतात. येथे ताटही नाही आणि बुवाही नाहीत, तरी नाणे पडत होते.

आता एक आडवळण घेतो, पण ते मुद्द्याला धरून आहे. श्रोत्यांच्या वर्गणीवर संपूर्ण केंद्र चालविण्याचा विचार अमेरिकेत शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो एका धर्मोपदेशकाने नव्हे, तर ल्यूइस हिल नावाच्या एका शांततावाद्याने. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र घेण्यास त्याने सद्‌सद्विवेकबुद्धीच्या कारणावरून नकार दिला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे बर्कली गाव आहे. तेथे १५ एप्रिल १९४९ रोजी त्याने 'केपीएफए' हे केंद्र सुरू केले. त्याचा हिशेब असा : ऐकू शकणाऱ्यांपैकी शंभरात दोघांनी जरी आपखुषीने वर्षाची वर्गणी दिली तरी केंद्र चालेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी फुकट ऐकावे, त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. हे गणित पहिल्या फेरीत फसले. ऑगस्ट १९५० मध्ये पैसा संपून केंद्र बंद पडले. तेव्हा श्रोत्यांनी आपण होऊन निधी जमविला आणि मे १९५१ मध्ये केंद्र पुन्हा बोलू लागले. बंद पडलेली दुकाने गिऱ्हाइकांनी उघडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आणि याच उपसागराच्या काठी, दहा वर्षांनी, अगदी विरुद्ध मताच्या माणसांनी तीच पद्धत उचलली. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांचा जन्म १९२१ चा. बर्कलीच्या विद्यापीठातून ते १९४२ साली स्थापत्य अभियंता झाले आणि पुढे इमारती बांधण्याचा त्यांचा स्वतःचा धंदा होता. ख्रिश्चन रिफॉर्म्ड पंथाचे ते निष्ठावंत सभासद होते. दोघा सहकाऱ्यांसह त्यांनी संस्था स्थापिली आणि १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोचे 'केईएआर' हे केंद्र विकत घेतले. हे पूर्वी अभिजात संगीताचे केंद्र होते आणि ते तोट्यात होते.

ते स्वस्तात मिळाले, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढील सर्व कथेचे बीज तेथे आहे. हे केंद्र एफएम पद्धतीचे होते. जुन्या एएम पद्धतीत आवाजाबरोबर लहरीची उंची कमीजास्त होते. वीज कडाडली, मोटार गेली, की तीही उंचीच बदलते आणि खरखर ऐकू येते. एफएम पद्धतीत उंची तीच राहते, बदलतो तो कंपनांचा वेग. म्हणून खरखर गाळता येते आणि गाणे स्वच्छ ऐकू येते. एवढे गुण असूनही १९५० नंतरच्या दशकात या पद्धतीला कोणी विचारीत नव्हते, कारण लोकांच्या घरी संच होते ते जुन्या पद्धतीचे. पट्ट्याचा खालचा भाग, ८८ ते ९२ मेगॅहर्ट्झ, सरकारने १९४५ सालीच बिनधंद्याच्या केंद्रांसाठी राखून ठेवला होता. पण वरचा धंद्याचा भागही ओसाड पडला होता. कॅम्पिंग प्रभृतींनी घेतलेली लहर ९७.३ या धंद्याच्या भागातली होती. गावाबाहेरची पडीक जमीन कोणी देवळासाठी स्वस्तात घ्यावी आणि पुढे गावच तिच्याभोवती वाढावे, असा हा प्रकार. पुढच्या वर्षांत न्यूयॉर्कशेजारी नेवार्क, फिलाडेल्फियाशेजारी कॅम्डन अशा मोक्याच्या जागी संस्थेने आणखी लहरी घेतल्या. २०११ पर्यंत तिची देशात साठांहून अधिक केंद्रे झाली होती.

कार्यक्रम कसे असत? स्तोत्रे, शांत वाद्यसंगीत, बायबलचे वाचन, मुलांसाठी गोष्टी, घरगुती सल्ला. आवाज चढलेला नाही, पैशासाठी आरडाओरड नाही. अमेरिकन धर्मप्रचारकांचा जो गडगडाट पुढे दूरचित्रवाणीवर माजला त्याचा येथे मागमूस नव्हता. रात्रपाळीचे कामगार, ट्रक हाकणारे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, एकट्या पडलेल्या वृद्धा यांना अशा स्वराची सोबत वाटली तर नवल नाही. १९६१ साली कॅम्पिंग यांनी 'ओपन फोरम', म्हणजे 'खुली चर्चा', हा कार्यक्रम सुरू केला. श्रोत्याने दूरध्वनी करावा, बायबलविषयी काहीही विचारावे आणि कॅम्पिंग यांनी मांडीवरचे पुस्तक उलगडून धीम्या, जाड आवाजात उत्तर द्यावे. हा क्रम पन्नास वर्षे चालला. त्या कामाचा ते पगार घेत नसत. म्हणजे ज्याला आपण भोंदू म्हणतो, पैसा गिळून बंगले बांधणारा, त्या जातीचा हा गृहस्थ नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण भोंदूपणाचे प्रकरण असते तर ते समजावयास सोपे होते.

१९७३ साली संस्थेने लघुलहरींचे एक जुने केंद्र घेतले आणि १९७७ च्या सुमारास ते फ्लॉरिडातील ओकीचोबी येथे हलविले. 'डब्ल्यूवायएफआर' हे त्याचे नाव. लघुलहर पृथ्वीवरील वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येते आणि एकेका टप्प्याने हजारो मैल जाते. तैवानच्या सरकारी नभोवाणीशी देवघेव ठरली : तुमचे कार्यक्रम आम्ही अमेरिकेत ऐकवितो, आमचे तुम्ही आशियात ऐकवा. अशा रीतीने हिंदीतूनही या संस्थेची प्रवचने आपल्या आकाशात येऊ लागली. आपल्या देशात धार्मिक संस्थेला नभोवाणी केंद्र काढण्याची मुभा नाही. खासगी एफएम केंद्रांसाठी सरकारने जे नियम केले त्यांतही धार्मिक संस्थांशी संबंध असलेल्या कंपन्या अपात्र ठरविल्या आहेत. पण लघुलहरीला जकात नाका नसतो. सेशेल्स बेटांवरून अशी ख्रिस्ती प्रक्षेपणे भारतीय भाषांत वर्षानुवर्षे होत असत. रात्री काटा फिरवीत बसणाऱ्या हौशी मंडळींना ती अनोळखी नव्हती.

आता तारखांकडे वळू. कॅम्पिंग अभियंते होते आणि बायबलकडे ते अभियंत्याच्या नजरेने पाहत. त्यातील प्रत्येक आकडा म्हणजे जणू नकाशावरचे मोजमाप. १९९२ साली त्यांनी '१९९४?' या नावाचे पुस्तक काढले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ख्रिस्ताचे पुनरागमन होण्याचा संभव वर्तविला. तसे घडले नाही. पण पुस्तकाच्या नावात प्रश्नचिन्ह होते, त्या आडोशाने वेळ निभावून गेली. पुढच्या हिशेबात प्रश्नचिन्ह राहिले नाही. तो हिशेब असा : नोहाच्या काळचा जलप्रलय इसवी सनापूर्वी ४९९० मध्ये झाला असे त्यांनी ठरविले. प्रलयापूर्वी सात दिवसांची सूचना मिळाली होती. देवाचा एक दिवस म्हणजे हजार वर्षे. म्हणून प्रलयानंतर सात हजार वर्षांनी निवाडा. ४९९० मध्ये २०११ मिळविले की ७००१ होतात, आणि शून्य साल नसल्यामुळे एक वजा केला की बरोबर ७०००. शिवाय दुसरा पडताळा : ख्रिस्ताला क्रुसावर दिले तो दिवस १ एप्रिल इसवी सन ३३ मानला, तर तेथपासून २१ मे २०११ पर्यंत ७,२२,५०० दिवस होतात, आणि पाच, दहा व सतरा यांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५००. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता, सतरा म्हणजे स्वर्ग.

येथे गणित चुकलेले नाही, हे ध्यानात घ्या. बेरीज बरोबर आहे, वर्ग बरोबर आहे. चूक आहे ती गणिताच्या आधी, गृहीतांत. आणि गृहीत तपासण्याची रीत गुणाकाराहून निराळी असते. आपल्याकडील कित्येक भविष्यवेत्त्यांच्या घरीही हीच गोष्ट आढळेल. ख्रिस्ती धर्मपंडितांनी या हिशेबावर कडाडून टीका केली होती. त्या दिवसाची व घटकेची कोणालाही माहिती नाही, असे खुद्द शुभवर्तमानात सांगितले आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पण ती टीका श्रोत्यांपर्यंत पोचू नये अशी तजवीज आधीच झाली होती.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर पाऊल म्हणजे २१ मेची तारीख नव्हे. ते पाऊल त्याच्या दहा वर्षे आधी पडले. कॅम्पिंग १९८८ साली स्वतःच्या चर्चमधून बाहेर पडले होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नभोवाणीवरून सांगावयास सुरुवात केली की चर्चचे युग संपले आहे. सर्व चर्चे बाटली आहेत. खऱ्या भाविकांनी ती सोडून घरीच बायबल वाचावे. विचार करा : चर्च सोडलेल्या माणसाचे काय उरते? शेजारी बसणारा उरत नाही, "अहो, हे काही खरे दिसत नाही" म्हणणारा वडीलधारा उरत नाही. उरतो तो रेडिओ. आणि उत्पन्नाचा जो दशमांश तो चर्चच्या पेटीत टाकीत असे, तो साहजिकच रेडिओकडे वळतो. कॅम्पिंग यांनी हे पैशासाठी केले असे मी म्हणत नाही. परंतु परिणाम टळला नाही. खुल्या चर्चेत दूरध्वनी करणारा प्रश्न विचारू शके, पण ध्वनी तोडण्याची कळ एकाच्याच हाताशी होती.

पैशाची आणखी एक वाट होती. पडीक जमिनीला आता सोन्याचा भाव आला होता. संस्थेने १९७८ मध्ये ९७.३ ची लहर विकून १०६.९ घेतली होती. २००५ साली तीही एका मोठ्या व्यापारी कंपनीस देऊन बदल्यात जुन्या पद्धतीची ६१० ही लहर आणि वर मोठी रक्कम मिळविली. हा पैसा देणगीदारांच्या पावत्यांतून आलेला नव्हता. तो भाव वाढल्याने आला होता. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेची खरी वेसण अशी असते की श्रोत्याला पटले नाही तर तो पुढच्या महिन्यात पैसे पाठवीत नाही. हाताशी कोट्यवधी डॉलर जमले की ती वेसण ढिली होते. त्यात देणग्याही आटलेल्या नव्हत्याच : २००९ या एका वर्षात, संस्थेने करखात्याकडे दिलेल्या विवरणाप्रमाणे, एक कोटी त्र्याऐंशी लाख डॉलर आले.

२०११ च्या वसंतात हजारो फलक जगभर उभारले गेले. मोटारगाड्या रंगवून कुटुंबेच्या कुटुंबे प्रचारास निघाली. काहींनी नोकऱ्या सोडल्या, काहींनी शिल्लक खर्चून टाकली. न्यूयॉर्कमध्ये एका निवृत्त माणसाने आपली जन्माची पुंजी, सुमारे एक लक्ष चाळीस हजार डॉलर, जाहिरातीत घातल्याचे वर्तमानपत्रांत आले. संस्थेच्या कचेरीतील कित्येक नोकरांचाच या तारखेवर विश्वास नव्हता, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले! व्हिएटनामच्या वायव्येकडील डिएन बिएन प्रांतात तर मेच्या आरंभी हजारो ह्मोंग लोक डोंगरात जमले आणि सैन्याने त्यांना पांगविले. त्या जमावामागे इतरही कारणे होती. पण कॅम्पिंग यांच्या भाकिताचे ह्मोंग भाषेतील प्रक्षेपण हे त्यांपैकी एक असल्याचे त्या वेळी लिहिले गेले. कॅलिफोर्नियात चुकलेले गृहीत सात हजार मैलांवरच्या डोंगरातील माणसाला भोवू शकते. दरवाजा नसलेल्या यंत्राची ही दुसरी बाजू.

२१ मे हा शनिवार होता. त्या त्या ठिकाणच्या घड्याळात सायंकाळचे सहा वाजतील तसतसा भूकंप देशोदेशी सरकत जाईल, असे भाकीत होते. न्यूझीलंडमध्ये सहा वाजले, काही झाले नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे एकेक देश सहाची घटका ओलांडीत गेला. सोमवारी कॅम्पिंग ध्वनिक्षेपकासमोर आले आणि निवाडा अदृश्य, आध्यात्मिक रीतीने झाला असून खरा अंत २१ ऑक्टोबरला होईल, असे त्यांनी सांगितले. लोकांचे पैसे परत करणार काय, असे वार्ताहरांनी विचारले. त्याला अनुकूल उत्तर मिळाले नाही. जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पन्नास वर्षांची खुली चर्चा थांबली. ऑक्टोबरही गेला. सप्टेंबर १९९४ नंतर किंवा मे नंतर जे झाले नव्हते ते मार्च २०१२ मध्ये झाले : श्रोत्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली चूक आणि तारीख सांगण्यातील पाप कबूल केले. यापुढे तारीख शोधणार नाही, असेही लिहिले. नव्वदी ओलांडलेल्या, आजारी माणसाने हे लिहावे, याला धैर्य लागते. टिंगल करणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्या पत्राला फारशी जागा दिली नाही, ही मला त्यांची उणीव वाटते. १५ डिसेंबर २०१३ रोजी ते वारले.

पैशाचा निवाडा मात्र अदृश्य नव्हता. देणग्या घसरल्या, नोकर कमी करावे लागले. २०११ ते २०१३ या काळात फिलाडेल्फिया, ॲनापोलिस आणि नेवार्क येथील मोठ्या लहरी एकामागून एक विकल्या गेल्या. नेवार्कच्या ज्या लहरीवरून न्यूयॉर्क शहराला दशकानुदशके स्तोत्रे ऐकू येत, तिच्यावर जानेवारी २०१३ पासून ग्रामीण ढंगाची गाणी आणि जाहिराती वाजू लागल्या. ओकीचोबीचे लघुलहर केंद्र ३० जून २०१३ रोजी बंद झाले. अठरा वीस वर्षे दर महिन्याला दहा दहा डॉलर पाठविणाऱ्या एखाद्या म्हातारीने ती लहर आपली मानली असेल, पण विकताना तिला कोणी विचारले नाही. विचारण्याचे बंधनही नव्हते. दान दिले की ते दात्याचे राहत नाही, हा कायदा तेथेही आहे आणि येथेही आहे. आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याखाली हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. पण हिशेब बरोबर असणे आणि विचार बरोबर असणे या दोन गोष्टी कोणताही आयुक्त एकत्र तपासू शकत नाही.

मग वर्गणीदाराला मत द्यावे काय? उपसागरापलीकडच्या 'केपीएफए'ने हाही प्रयोग केला. जुलै १९९९ मध्ये मालकसंस्थेने तेथील कर्मचाऱ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावले, तेव्हा हजारो श्रोते बर्कलीच्या रस्त्यांवर उतरले. ते निव्वळ ऐकणारे राहिले नव्हते. आम्ही पैसे दिले, केंद्र आमचे, असे ते म्हणत होते. वर्षानुवर्षे भांडून, न्यायालयात जाऊन त्यांनी व्यवस्थापक मंडळ निवडण्याचा हक्क मिळविला. त्यानंतर तेथे निवडणुकांचे तट पडले, एकमेकांवर दावे झाले, कर्जही झाले. फॅमिली रेडिओत भांडण नव्हते आणि म्हणून तारीख निर्वेधपणे पुढे आली. केपीएफएत भांडण संपत नाही. दोन्ही केंद्रे एकाच पाण्याच्या दोन काठांवर, एकाच पद्धतीने जन्मली. मला विचाराल तर मी भांडणाच्या काठावर घर घेईन. पण तेथे झोप कमी मिळते, हे मान्य केले पाहिजे.

फॅमिली रेडिओ संस्था बंद पडली नाही. नव्या चालकांनी तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियातून हलवून टेनेसी राज्यात नेले आणि कॅम्पिंग यांची जुनी ध्वनिमुद्रित प्रवचने २०१८ साली प्रक्षेपणातून काढून टाकली. त्यामुळे काही जुने श्रोते रागावले. ती प्रवचने त्यांनी आपापल्या घरी जपून ठेवली आहेत आणि एकमेकांना ऐकवितात. नभोवाणीवर स्तोत्रे आणि बायबलवाचन चालू राहिले. श्रोत्यांकडून देणग्या अजूनही मागितल्या जातात.